बर्फातल्या गावाचा खेळ आणि न मोजलेली कामं

 आज आपण एका पत्त्यांच्या खेळाविषयी बोलणार आहोत. पण हे पत्ते रमीचे नाहीत बरं का! आमच्या गटातल्या एका ताईंची भाची सुट्टीला आली, तेव्हा हा डबा घेऊन आली. नियम इंग्रजीत होते. ते तिने आम्हाला समजावले आणि आम्ही चौघी खेळायला बसलो. खेळ संपला, पण त्यावरचं आमचं बोलणं काही संपेना. तेच आज तुम्हाला सांगतो.

खेळाचं नाव 'इनुइट: द स्नो फोक', म्हणजे बर्फातली माणसं. इनुइट लोक कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलँड आणि अलास्का इथे राहतात. त्यांच्या भाषेत इनुइट म्हणजेच 'माणसं'. आपल्या शाळेच्या पुस्तकात 'एस्किमो' असा शब्द होता. तो बाहेरच्यांनी दिलेला, त्यांच्यातल्या अनेकांना तो आवडत नाही. म्हणून आपणही इनुइटच म्हणू या.

आता खेळ कसा चालतो ते बघू. दोन ते चार जणी खेळू शकतात. प्रत्येकीने आपापलं एक गाव उभं करायचं. मधोमध पत्ते उघडे मांडलेले असतात, सगळ्यांना दिसतात. आपली पाळी आली की त्यातून हवा तो पत्ता उचलायचा. कुणी माणसाचा पत्ता उचलते, कुणी शिकारीचा. गावात माणूस आला की त्याला काम नेमून द्यायचं: हा शिकारीला जाईल, हा टेहळणी करील, हा नवी माणसं जोडून आणील. ज्या कामावर जास्त माणसं, त्या कामाचे पत्ते एका पाळीत जास्त उचलता येतात. टेहळणी करणारे जास्त असले, तर मधोमध जास्त पत्ते उघडता येतात. पत्त्यांचा गठ्ठा संपला की प्रत्येकीने आपले गुण मोजायचे.

खरी गंमत निवडण्यात आहे. आधी माणसं जोडायची की थेट शिकार करायची? माणसं जोडत बसलं तर चांगली शिकार शेजारीण उचलून नेते. घाईने शिकार केली तर पुढे हात अपुरे पडतात. आमच्यातल्या एकीने सुरुवातीपासून फक्त शिकारच उचलली. पहिल्यांदा तीच पुढे होती, शेवटी मात्र मागे पडली. हातात असलेलं आज वापरायचं की उद्यासाठी गुंतवायचं, हा प्रश्न बचत गटातल्या बायांना काही नवा नाही.

पण खेळताना एक गोष्ट आम्हाला खटकली. प्रत्येकीची शिकार तिची तिची आणि गुणही तिचे तिचे. खऱ्या इनुइट गावात असं चालत नसे. बर्फाच्या मुलखात एकाला सील मिळतो, दुसरा दिवसभर बसून रिकाम्या हाताने परततो. उद्या उलटं होऊ शकतं. म्हणून मांस वाटून खाण्याची पक्की रीत असे. कॅनडातल्या नेटसिलिक इनुइटांमध्ये हिवाळ्यात मारलेल्या सीलचे वाटे ठरलेले असत. अमुक भाग अमुक जोडीदाराच्या घरी, असं नातं लहानपणापासून बांधलेलं असे. सील घरी आला की शिकाऱ्याची बायको तो कापून वाटे करी. म्हणजे शिकार पुरुषाने आणली तरी ती गावात पोहोचवण्याचं काम बाईच्या हातात होतं.

कापायची सुरीसुद्धा बाईची. तिला उलू म्हणतात. पातं अर्धचंद्रासारखं आणि मूठ वरच्या बाजूला. कातडं खरवडायचं, मांस कापायचं, कपडे बेतायचे, सगळं याच सुरीने. कातडं चावून चावून मऊ करायचं, प्राण्यांच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवायचं. सीलच्या कातड्याचे बूट, ज्यांना कामिक म्हणतात, शिवताना काही शिवणींत सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच काढायची. नाहीतर त्या भोकातून पाणी शिरतं. तिथल्या थंडीत पाय ओला झाला की बोटं गळून पडू शकतात, जीवही जाऊ शकतो. शिवण कच्ची असेल तर कितीही तरबेज शिकारी बाहेर पडू शकत नाही.

घरातला दिवाही बाईच सांभाळी. कुल्लिक नावाचा हा दगडी दिवा. त्यात सीलच्या चरबीचं तेल, शेवाळाची वात. उजेड, ऊब, स्वयंपाक, ओले कपडे वाळवणं, प्यायला बर्फ वितळवणं, सगळं त्याच ज्योतीवर. वात सारखी सारखी करावी लागते, नाहीतर काजळी धरते.

खेळात शिकारीच्या पत्त्यावर गुण छापलेले आहेत. त्या शिकारीमागे असलेल्या शिवणीचा आणि दिव्याचा हिशेब त्यात येत नाही. आम्ही ते लक्षात आल्यावर एकमेकींकडे बघून हसलो. आपल्याकडेही 'घरात कमावतं कोण?' असं विचारलं की आपलं नाव कोण घेतं!

आणखी एक सांगायला हवं. हाच खेळ २०१७ साली 'नेटिव्ह्ज' या नावाने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर निघाला होता. २०१९ साली तो इनुइटांच्या रूपात आला. म्हणजे खेळाचा सांगाडा आधीचा, माणसं नंतर बसवली. त्यामुळे डब्यावरचं चित्र म्हणजे आजचे इनुइट, असं समजू नका. आज ते लाकडी घरांत राहतात, बर्फावर मोटरगाड्या चालवतात. १९९९ साली कॅनडात त्यांचा नुनावुट हा स्वतंत्र प्रदेश झाला. तिथल्या बायकांची पाउक्टूटिट नावाची संघटना १९८४ पासून काम करते. पाठीवर बाळ ठेवायची मोठी पिशवी असलेला अमाउटी नावाचा अंगरखा त्या शिवतात. त्याची नक्कल बाहेरच्या कंपन्यांनी करू नये, ही कला आमच्या सगळ्यांची आहे, असा आग्रह या संघटनेने धरला. मांस वाटण्याची रीतही टिकून आहे. कित्येक गावांत सामायिक फ्रीझर असतो, त्यात शिकारी मांस ठेवतात आणि गरजू घरं घेऊन जातात.

तर मैत्रिणींनो, खेळ वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. मुलांना घेऊन जरूर खेळा, डोकं चालतं. फक्त गुण मोजून झाले की एक प्रश्न मुलांना विचारा: या गावातली कुठली कामं मोजायची राहिली? आम्ही तर दुसऱ्या डावाला स्वतःचाच नियम लावला. सर्वांत जास्त शिकार जिच्याकडे, तिने शेवटी एक पत्ता मागे पडलेलीला द्यायचा. पहिल्या डावात मागे पडलेली आमची ताई यावर भलतीच खूश झाली!

तुम्ही खेळलात तर काय नियम केलात, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.