नॉबवर १६०, आत मात्र २१०: व्हॅनमधला गॅस ओव्हन असा का वागतो?

आजचा विषय जरा मिस्त्रीकामाचा आहे. पण फूड व्हॅन काढायची असेल तर नीट वाचा, कारण यात माझे स्वतःचे पैसे गेलेत.

परभणीच्या उरुसात मी एकदा व्हॅन लावली होती. नानकटाई आणि पिझ्झा, एवढाच मेनू. नॉब १६० वर ठेवला आणि पहिल्याच घाण्याला साठ नानकटाया खालून कोळसा! नॉब १४० वर आणला, तरी तेच. समोरून गर्दी चाललीय आणि मी ट्रे खरवडत बसलोय. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, जेट साफ केले, रेग्युलेटर बदलला, १,४०० रुपये घेऊन गेला. ओव्हन होता तसाच. चूक त्याची नव्हती. "फ्लेम जास्त होतेय" असं मीच त्याला सांगितलं होतं. मोजलं काहीच नव्हतं.

म्हणून आधी मोजा. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवा, वीस मिनिटं ओव्हन तापू द्या आणि मग दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. दहा-पंधरा अंश वर-खाली होणारच, तो बिघाड नाही. थर्मामीटर नसेल तर घरची साखर घ्या. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. नॉब १७५ वर असताना तापलेल्या ओव्हनमध्ये चमचाभर साखर पंधरा मिनिटं ठेवली आणि तिचा पाक झाला, तर ओव्हन जास्त तापतोय. १९५ वर ठेवूनही ती कोरडीच राहिली, तर कमी तापतोय.

आता आतली गंमत समजून घ्या. ओव्हनच्या आत भिंतीला क्लिपमध्ये बसवलेली पेन्सिलीसारखी धातूची कांडी असते. मिस्त्री तिला बल्ब म्हणतात, दिव्याशी तिचा काही संबंध नाही. तिच्यात द्रव असतो. तो तापला की फुगतो, केसासारख्या बारीक नळीतून नॉबमागच्या झडपेला ढकलतो आणि गॅस कमी होतो. दुकानातल्या ओव्हनमध्ये ही कांडी वर्षानुवर्षं जागा सोडत नाही. व्हॅनमध्ये मात्र खड्डे आहेत! माझी कांडी क्लिपमधून निसटून दाराजवळच्या थंड कोपऱ्यात पडली होती. तिला वाटलं ओव्हन अजून गारच आहे, म्हणून झडप उघडीच राहिली. ओव्हन गार असताना कांडी परत क्लिपमध्ये बसवली, काम झालं. खर्च शून्य.

कांडी जागेवर असूनही फ्लेम कमीच होत नसेल, तर नळी मोडून द्रव गळालेला असू शकतो. मग पूर्ण थर्मोस्टॅटच बदलावा लागतो, ती नळी जोडता येत नाही. आणि वरचे आकडे बरोबर पण १५० च्या खाली ओव्हन उतरतच नसेल, तर संशय बायपासवर घ्या. थर्मोस्टॅट गॅस पूर्ण बंद करत नाही, बारीक फ्लेम चालू ठेवतो. ती किती बारीक ते एका स्क्रूवर ठरतं. तो स्क्रू स्वतः पिळू नका. फ्लेम फार बारीक झाली तर दार आपटल्यावर विझते.

नॉब सोडला की फ्लेमच विझते, हा वेगळा आजार. तो थर्मोकपलचा, म्हणजे फ्लेम नसेल तर गॅस बंद करणाऱ्या सुरक्षेच्या भागाचा. बरेच जण इथे उगाच थर्मोस्टॅट बदलून बसतात.

ओव्हन तापतच नसेल तर गॅसकडे बघा. शेजारची फ्रायरची शेगडी बंद करा. ओव्हनची फ्लेम लगेच वाढली, तर एकाच पाइपवर दोघांचा भार पडतोय. हिवाळ्यात पहाटे आपल्याकडे पारा बराच उतरतो, त्यात सिलिंडर संपत आलेला असला की प्रेशर आणखी पडतं. सिलिंडरवर गरम पाणी ओतू नका, जाळ तर अजिबात दाखवू नका. भरलेला लावा. सिलिंडर १९ किलोचा कमर्शियलच हवा, घरचा लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही.

ट्रेचंही सांगतो. जास्त माल निघावा म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत ट्रे घातला की गरम हवा वर जायला वाट राहत नाही. खाली करपतं, वर पांढरं राहतं. चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडा. दाराचं रबर सैल असेल तर तेही बदला.

आणि हे सगळं तपासताना व्हॅनचं दार उघडं ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून खालच्या जाळ्या बुजवू नका. पिवळी फ्लेम, भांड्यांवर काजळी, डोकं जड होणं, यातलं काहीही दिसलं की ओव्हन बंद करा आणि बाहेर या. गळती साबणाच्या पाण्यानेच बघायची, काडी ओढून नाही.

कांडी बसवल्यावर मी पुन्हा मोजमाप केलं. माझ्या ओव्हनच्या दारावर आजही तो कागद चिकटवलेला आहे: नॉब १४० म्हणजे आत १५५, १६० म्हणजे १७०, २०० म्हणजे २०५. नवीन पोरगा कामाला लागला की आधी तो कागद वाचतो, मग पीठ मळायला घेतो.