कवळीचे ॲक्रिलिक : मजबुतीचे संशोधन आणि त्याचा व्यवहार

कापड बाजारात ॲक्रिलिक म्हटले की लुधियानाचे स्वेटर आणि पानिपतची ब्लँकेट डोळ्यांसमोर येतात. दातांची कवळीही ॲक्रिलिकचीच असते, म्हणून दोन्ही माल एकच असावा असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. सुताचे ॲक्रिलिक ॲक्रिलोनायट्रिलपासून बनते, तर कवळीचे मिथाइल मेथाक्रिलेटपासून. खानदान एक, पण घरे वेगळी. कवळीचा खरा सख्खा भाऊ म्हणजे प्लेक्सिग्लास, ज्याच्या पारदर्शक काचा दुसऱ्या महायुद्धात विमानांना बसविल्या गेल्या.

ॲक्रिलिकच्या आधी कवळी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असे. त्या रबराच्या पेटंटचा किस्सा व्यापाऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याची फी घेई आणि न देणाऱ्यांवर दावे लावी. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन हे वसुलीसाठी गावोगाव फिरत. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने त्यांना गोळी घालून ठार केले. पुढे पेटंटची मुदत संपली आणि व्हल्कनाइट सर्वांना मोकळे झाले. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आले. हिरडीसारखा गुलाबी रंग, वजनाला हलके, लहानशा लॅबमध्ये करता येण्यासारखे काम आणि माफक किंमत, यामुळे दहा-एक वर्षांतच त्याने रबराला बाजारातून उठविले. आजही जगभर सर्वसामान्यांची कवळी बहुतांशी याच मालाची असते.

मग संशोधन कशासाठी? कारण कवळी मोडते. हातातून निसटून बेसिनमध्ये पडली तर मोडते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वरची कवळी पुष्कळदा तोंडातल्या तोंडात, जेवताना, बरोबर मधोमध दुभंगते. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, कवळी मात्र तशीच राहते. मग टाळूच्या मधल्या कठीण भागावर ती तराजूच्या दांडीप्रमाणे डुलते आणि प्रत्येक घासाला किंचित वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते, तोच हा प्रकार. ज्याने पैसा पैसा जोडून एकदाच कवळी करून घेतली, त्याच्यावर दुरुस्ती होईपर्यंत पेज आणि खिमट खाण्याची पाळी येते.

काम कसे होते ते थोडक्यात पाहू. पावडर तीन भाग आणि लिक्विड एक भाग असे माप घेऊन कणकेसारखा गोळा करतात, प्लास्टरच्या साच्यात दाबतात आणि साचा गरम पाण्यात ठेवतात. लिक्विड म्हणजे मोनोमर, तो उष्णतेने पावडरीशी बांधला जाऊन सारे घट्ट होते. हे सावकाश व्हावे लागते. ७४ अंश सेल्सिअसला सुमारे ८ तास ही जुनी, कसोटीला उतरलेली रीत आहे. किंवा ७४ अंशाला २ तास आणि मग उकळत्या पाण्यात १ तास. मोनोमर सुमारे १०१ अंशाला उकळतो. साचा घाईने तापविला तर आतली स्वतःची उष्णताही त्यात मिळते, मोनोमरची वाफ होते आणि जाड भागात बुडबुडे राहतात. वरून चकचकीत, आतून पोकळ! शिवाय घाईच्या मालात न बांधलेला मोनोमर जास्त राहतो; तो हिरडीला झोंबतो आणि कवळी कमजोर करतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उष्णतेने पक्क्या केलेल्या मालात तो २.२ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. वाकवून मोडण्याची ताकद किमान ६५ मेगापास्कल हवी. चांगल्या कंपनीचा साधा मालही, रीतसर शिजविला तर, ही अट पुरी करतो. स्वस्तातला माल घाईत शिजवून दिला की गिऱ्हाइकाला वर्षभरात फरक कळतो, आणि तोवर बिल कधीच चुकते झालेले असते.

मजबुतीचा पहिला यशस्वी उपाय रबराचाच निघाला. पावडरीच्या दाण्यांत ब्युटाडाइन-स्टायरीन रबराचे बारीक कण घातले की तडा पुढे सरकताना त्या कणांत अडकतो. हाच 'हाय इम्पॅक्ट' माल. पडून फुटण्यावर तो चांगला, पण साध्यापेक्षा महाग. आणि रबर जास्त झाले तर कडकपणा कमी होतो. आपल्याकडे मुंबईची डीपीआय ही कंपनी कवळीचा माल बनविते. ती वाडिया घराण्याच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंगचा विभाग आहे. कापडवाल्यांना वाडिया म्हटले की बॉम्बे डाइंग आठवते, म्हणून हा उल्लेख.

दुसरा उपाय धाग्याचा, आणि तो यंत्रमागवाल्यांना चटकन समजेल. राळेत धागा घातला की ताण धागा घेतो. कार्बनचा धागा मजबूत, पण काळा. गुलाबी कवळीतून तो दिसतो. अरामिडचा धागा पिवळा, त्याची टोके घासताना वर येतात आणि पॉलिश नीट होत नाही. पॉलिइथिलीनचा धागा दिसत नाही, पण त्याला राळ चिकटत नाही. आधी त्याच्या पृष्ठभागावर वेगळी प्रक्रिया करावी लागते. उरला काचेचा धागा. तो दिसत नाही आणि सिलेन नावाचा लेप दिला की राळेला घट्ट धरतो. कारखान्यात काचेच्या धाग्यावर जो लेप देतात त्यालाही सायझिंगच म्हणतात. कांजीवाचून ताणा मागावर टिकत नाही, तसेच इथे सिलेनवाचून काच राळेत टिकत नाही.

अडचण दुसरीच होती. कवळीचा गोळा घट्ट असतो, तो धाग्यांच्या जुडग्यात आतपर्यंत शिरत नाही. वरवर भिजलेला धागा आत पोकळ्या ठेवतो, त्यांत पाणी मुरते आणि मजबुतीऐवजी नवी कमजोरी येते. फिनलंडमधील तुर्कू येथील पेक्का वल्लिट्टू आणि सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केले. धागा आधीच राळेने भिजवून, तयार करून लॅबला द्यायचा, हा त्यातून निघालेला मार्ग आहे. दिशेचेही तितकेच महत्त्व. सगळे धागे एकाच दिशेने असतील तर त्या दिशेची मजबुती पूर्ण मिळते. ताण्या-बाण्याने विणलेले कापड घातले तर ती दोन दिशांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येकीला साधारण निम्मी. मधोमध जाणाऱ्या तड्याला आडवा आणि ताण पडणाऱ्या बाजूला ठेवलेला थोडा धागाही उपयोगी पडतो. तोच धागा कवळीच्या जाडीत भलतीकडे गेला तर खर्च वाया. अनेक लॅब धातूची जाळी घालतात, परंतु साधी राळ धातूला चिकटत नाही. जाळी तुटलेले तुकडे जागेवर धरून ठेवते एवढेच. तिला मजबुती समजून जास्त दाम देऊ नये.

अलीकडे नॅनो-कणांचा बोलबाला आहे. झिर्कोनिया ताकदीसाठी, चांदी बुरशीसाठी. कवळीखाली टाळू लाल होण्यामागे कँडिडा नावाची बुरशी पुष्कळदा असते, तेव्हा प्रयत्न योग्यच आहे. पण कण प्रमाणाबाहेर गेले की त्यांच्या गुठळ्या होऊन ताकद उलट घटते आणि चांदीने रंग काळवंडतो. बहुतेक चाचण्या प्रयोगशाळेतल्या पट्ट्यांवर झाल्या आहेत, माणसांच्या तोंडात नव्हे. जाहिरात वाचताना हे ध्यानात असावे.

मशीनवर कोरलेल्या कवळीची गोष्ट वेगळी. तिची चकती कारखान्यात दाबाखाली आधीच पक्की झालेली असते, त्यामुळे लॅबमध्ये आकसणे नाही आणि सुटा मोनोमरही कमी. मात्र बराचसा माल भुसा होऊन जातो. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये माल वाचतो, पण बहुतेक तुलनांत त्याची ताकद कोरलेल्या कवळीपेक्षा कमी भरली आहे.

छोट्या लॅबला हे यंत्र परवडणार नाही. तिच्या कामाचा शोध बिनखर्चाचा आहे. मोडलेली कवळी जोडताना तुटलेल्या कडा मोनोमरने ३ मिनिटे ओल्या ठेवल्या तर जोड अधिक मजबूत बसतो, असे वल्लिट्टू आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखविले. पुष्कळ ठिकाणी नुसता ब्रश फिरवून लगेच पावडर टाकली जाते. फक्त हा मोनोमर हाताने हाताळू नये. त्याने त्वचेला खाज व चट्टे येतात आणि साध्या रबरी हातमोज्यांतून तो काही मिनिटांत आरपार जातो. लहान चिमटा, झाकणाची बाटली आणि खिडकीत लावलेला बाहेर हवा फेकणारा पंखा एवढे तरी लॅबमध्ये हवेच.