जीव घाबरा होतो म्हणजे काय होते?



या पानावर आम्ही नेहमी बेणेबदल, खोडव्याची खते, पाचट न जाळणे, ठिबक अशा विषयांवर लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. तो का घेतला ते आधी सांगतो, कारण त्यात थोडी चूक आमचीही आहे.

सारोळे गटातील एक सभासद आहेत, वय पंचेचाळिशीचे. नावाचे कारण नाही, आपण त्यांना नाना म्हणू. दोन एकर आडसाली, एक एकर खोडवा, दोन म्हशी. कष्टाळू माणूस, कशाला भिणारा नव्हे. एके दिवशी मोटारसायकलवरून शिरवळला निघाले असता नीरेच्या पुलावर मधोमध त्यांच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, हातापायांना मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला आणि डोक्यात एकच विचार, 'आता आपण जातो.' गाडी कडेला लावून ते कठड्याला धरून बसले. कोणा भल्या माणसाने दवाखान्यात पोहोचविले. हृदयाची पट्टी काढली, ती चांगली निघाली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी रात्री झोपेत. मग पुण्याच्या वाऱ्या झाल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पुन्हा पट्टी. खर्चासाठी कालवड विकली. रिपोर्ट सगळे चांगले. मग घरच्यांनी अंगारे-धुपारे केले. कोणी जाणत्याने सांगितले की पुलावर काहीतरी 'लागले' आहे. झाले, नाना पूल ओलांडीनासे झाले. शिरवळ नदीपलीकडे दिसते, पण त्यांच्या लेखी ते मुंबईपेक्षा लांब गेले.

अशात ते गटकार्यालयात तोडीचा प्रोग्राम विचारायला आले. बोलता बोलता म्हणाले, "साहेब, जीव लई घाबरा होतो हो." आणि आम्ही काय म्हणालो? "नाना, रिपोर्ट चांगले आलेत ना? मग मन घट्ट करा. उगाच विचार करीत बसू नका." नाना काही बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. नंतर चार महिने आमच्याकडे फिरकले नाहीत. त्यांना काय झाले होते आणि ते कशाने बरे झाले हे त्यांच्या मुलाकडून कळले, तेव्हा आपण मूर्खासारखे बोललो हे आमच्या ध्यानात आले. म्हणून हा लेख.

नानांना झाला तो चिंताविकार. त्यातल्या ज्या प्रकाराने त्यांना गाठले त्याला भीतीचा झटका म्हणता येईल. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे, सोंग नव्हे आणि बाहेरचेही काही नव्हे. मधुमेह किंवा रक्तदाब जसा आजार, तसाच हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी लोकांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा चिंताविकार होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. सन २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशातील १२ राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण चित्र आपल्याला परके वाटू नये. चिंता, उदासी अशा सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या दर शंभर रोग्यांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते.

आता, काळजी कोणाला नाही? तोड लांबते, उसाला तुरा येतो, हप्ता कधी जमा होईल ते कळत नाही, सोसायटीची तारीख जवळ येते, पोराला नोकरी नाही. या परिस्थितीत ज्याला काळजी वाटणार नाही तो माणूस तरी कसला! ही काळजी आजार नव्हे. ऊस कारखान्याला गेला, काट्याची पावती हातात पडली, की ती उतरते. कित्येकदा तिच्यामुळेच आपण वेळेवर कामाला लागतो.

आजाराची काळजी उतरत नाही. एक कारण संपले की दुसरे धरते, आणि कारण नसले तरी चालूच राहते. बहुतेक रोज, सलग सहा महिने किंवा अधिक काळ असे चालले, माणसाचे कामावरून लक्ष उडाले, झोप गेली, तर ती नुसती काळजी राहिली नाही असे समजावे. भीतीच्या झटक्याचे निराळे असते. तो एकदम येतो, साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि मग ओसरतो. पण पुन्हा येईल या धास्तीने माणूस तो रस्ता, तो बाजार, ती गाडी टाळू लागतो. ही टाळाटाळ झटक्यापेक्षाही जास्त नुकसान करते.

शरीरात होते काय, ते विहिरीवरच्या मोटारीवरून सांगतो. लोड जास्त झाला की स्टार्टरमधला रिले मोटार बंद पाडतो, म्हणून मोटार जळत नाही. पण रिले फारच खाली लावला असेल तर लोड नसतानाही स्टार्टर पडत राहतो. मोटार चांगली, केबल चांगली, तरी पाणी नाही. अशा वेळी मोटार उपसून रिवाइंडिंगला नेणाऱ्याचे पैसे वाया जातात. आपल्या मेंदूतही धोक्याची सूचना देणारी अशीच यंत्रणा आहे. बांधावर नाग दिसला की छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातापायांत रक्त धावते. पळायचे असेल तर हे लागतेच. चिंताविकारात नाग नसताना हीच यंत्रणा सुटते. धडधड खरी असते, घामही खरा असतो. धोका मात्र नसतो. म्हणून हृदयाच्या तपासणीत काही सापडत नाही. 'तुला काहीच झाले नाही' असे अशा माणसाला म्हणणे बरोबर नाही. त्याला झालेले असते, ते हृदयात नसते इतकेच.

ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात धडधड, धाप, छातीत दुखणे अशा तक्रारी घेऊन सैनिक येत. डॉ. डा कोस्टा यांनी त्यांना तपासले आणि १८७१ साली त्यांच्यावर लिहिले. हृदयाचा रोग म्हणावा असे अनेकांत सापडत नव्हते. रणांगणावर लढलेले गडी ते, त्यांना भित्रे कोण म्हणेल?

लक्षणे माणसामाणसांत निराळी दिसतात. कोणाच्या पोटात गोळा येतो, कोणाला वारंवार लघवीला किंवा परसाकडे जावे लागते, कोणाच्या तोंडाला कोरड पडते. मान आणि खांदे आखडतात. कोणी सारखा चिडतो, घरचे म्हणतात, 'यांचा स्वभावच बदलला.' बायका बहुधा मनाचे बोलत नाहीत. 'डोकं भणभणतंय, घशात काहीतरी अडकल्यावानी वाटतंय, जीव रमत नाही,' असे सांगतात, आणि घरातली कामे उरकत राहतात म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. एखादा तरुण चारचौघांत बोलायच्या भीतीने वार्षिक सभेला येतच नाही, मुलाखतीला जायचे म्हटले की आजारी पडतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात दुखणाऱ्या मुलाला लबाड ठरवण्याआधी दोन मिनिटे त्याच्याशी बोलावे.

मात्र सगळे 'मनाचे' म्हणून सोडून देणे ही दुसरी चूक. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, विशेषतः चाळिशी उलटलेली असेल, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर आधी दवाखाना आणि हृदयाची पट्टी. थायरॉईड वाढणे, रक्त कमी असणे, मधुमेहाच्या औषधाने साखर एकदम उतरणे, दमा, यांतही अशीच धडधड होते. आणि शेतकऱ्याने एक विशेष लक्षात ठेवावे. औषध फवारल्यानंतर घाम, तोंडाला लाळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधुक, हातापायांत कापरे असे झाले तर ती भीती नव्हे, विषबाधा असू शकते. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा.

चहा दिवसातून दहा-बारा कप, तंबाखू, मिश्री यांनी धडधड वाढते. रात्री झोप यावी म्हणून 'थोडीशी' घेणारे आमच्या ओळखीचे पुष्कळ आहेत. दारूने त्या रात्री झोप लागते, पण पहाटे जाग येते आणि दुसऱ्या दिवशी घाबरेपणा दुप्पट. म्हणून मग पुन्हा थोडीशी. हे चक्र कोठे जाते ते सांगायला नको.

उपचार दोन प्रकारचे, आणि दोन्ही चांगले लागू पडतात. एक बोलण्याचा, दुसरा औषधाचा. बोलण्याचा म्हणजे नुसता धीर देणे नव्हे. मनात येणारा विचार पकडायचा, तो खरा किती आणि फुगवलेला किती ते तपासायचे आणि टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जायचे, अशी ती शिस्तशीर पद्धत आहे. मराठीत हा विषय सोपा करून सांगणारे डॉ. आनंद नाडकर्णी अनेकांना ठाऊक असतील. त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. अभिनेते म्हणून सर्वांना माहीत असलेले डॉ. मोहन आगाशे हेही मूळचे मानसोपचारतज्ज्ञच.

औषधांबद्दल गैरसमज फार. एस्सिटालोप्रॅम, सरट्रालिन या जातीच्या गोळ्यांची चटक लागत नाही. पण त्यांचा गुण दोन ते चार आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी दिसू लागतो, आणि पहिल्या आठवड्यात थोडे मळमळणे, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते. बरेच जण येथेच गोळी सोडतात आणि 'काही गुण नाही' म्हणतात. युरिया टाकला की दुसऱ्या दिवशी ऊस वाढला का, असे आपण पाहात नाही. बरे वाटू लागल्यावरही गोळी कित्येक महिने घ्यावी लागते आणि ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावी लागते. एकदम बंद करू नये.

झोपेच्या गोळ्यांचे निराळे आहे. अल्प्राझोलामसारखी गोळी लगेच शांत करते, म्हणून आवडते, आणि तिचीच सवय लागते. शेजाऱ्याच्या पाकिटातली, किंवा चिठ्ठीवाचून आणलेली ही गोळी घेऊ नका. दारूबरोबर तर कधीच नको, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

झटका आला असता करता येण्याजोगी एक गोष्ट: श्वास नाकाने चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर, असे पाच मिनिटे. गाडीवर असाल तर आधी रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबा. बरोबरच्या माणसाने 'घाबरू नको' असे ओरडू नये. 'मी इथेच आहे, हे दहा-पंधरा मिनिटांत उतरेल,' एवढे शांतपणे म्हणावे.

जायचे कोठे? आधी नजीकचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपले नेहमीचे डॉक्टर. सारोळ्याकडच्या सभासदांना कापूरहोळवरून भोरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात ते आधी विचारून जावे, हेलपाटा पडत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही सरकारचीच योजना आहे. पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून येथे सोय आहे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. येरवडा म्हटले की लोक हसतात, पण तेथे तपासून औषध घेऊन त्याच दिवशी घरी येणारे पुष्कळ असतात. प्रवास जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेलिमानस नावाची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. आपल्या फडात बीडकडून आलेल्या तोडणी टोळ्यांतील माणसांनाही हा क्रमांक सांगा. कोपीत राहणाऱ्याला धडधड होत नाही असे थोडेच आहे.

आरोग्य विमा असेल तर हेही माहीत असावे की २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच धरावे, असे त्यात म्हटले आहे.

'जगून काय उपयोग' असे कोणी बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फवारणीची औषधे आणि तणनाशके कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. हे आम्ही कळकळीने सांगतो. घरात डबा हाताशी नसणे यानेही माणसे वाचतात.

नानांचे पुढे काय झाले? मुलाने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. "मी काय येडा हाय का?" म्हणून दोन वेळा ते अर्ध्या वाटेतून परतले. तिसऱ्या खेपेस गेले. गोळी सुरू झाली, आणि समुपदेशकांनी पुलाचा धडा दिला. पहिला आठवडा नुसते पुलाच्या अलीकडे जाऊन बसायचे. मग मुलाच्या मागे बसून पलीकडे जायचे. भीती आली तरी लगेच परत फिरायचे नाही, शिरवळच्या बाजूला उतरून ती ओसरेपर्यंत तेथेच बसायचे. पहिल्या दिवशी पाऊण तास बसावे लागले. चौथ्या-पाचव्या खेपेस दहा मिनिटांत चहा मागवला. दीड महिन्याने मुलगा मागे आणि नाना पुढे. मधल्या काळात एक झटका आला, नाही असे नाही, पण तो काय आहे हे माहीत असल्याने ते दवाखान्याकडे धावले नाहीत.

या हंगामात ऊस गेला तेव्हा ते ट्रॉलीबरोबर स्वतः काट्यावर आले होते. आम्ही त्यांची माफी मागितली. गोळी अजून चालू आहे, पुढच्या भेटीत डॉक्टर मात्रा कमी करण्याचे पाहणार आहेत. हा मजकूर छापण्यापूर्वी आम्ही त्यांना वाचून दाखविला. छापायला त्यांची हरकत नव्हती. फक्त एक दुरुस्ती त्यांनी सांगितली, ती येथे करतो. विकली ती नुसती कालवड नव्हती, गाभण होती.