साळगावचा चेहरा, लंडनचा कॅमेरा

जुने फोटो विकणारा माणूस फोटो आधी उलटा करून बघतो. मागे छायाचित्रकाराचा शिक्का आहे का, पेन्सिलीने काही लिहिलंय का, कागद कोणत्या काळातला? निगेटिव्ह तयार झाल्यावर लवकरच छायाचित्रकाराने स्वतः काढलेली किंवा देखरेखीखाली काढून घेतलेली प्रत म्हणजे ‘व्हिंटेज प्रिंट’. त्याच निगेटिव्हवरून चाळीस वर्षांनी काढलेली प्रत जास्त स्वच्छ असेल, पण तिला तो भाव येत नाही. मला हे पटतं. डार्करूममध्ये सावली किती गडद ठेवायची, कुठला कोपरा बुडवायचा, हे त्या दिवशी त्या हाताने ठरवलेलं असतं.

गोव्याच्या चित्रकारांत अशा फोटोसाठी फ्रान्सिस न्यूटन सोझासारखा चेहरा दुसरा नाही. जन्म १९२४ चा, बार्देशातल्या साळगावचा. वडील तान्हेपणीच गेले. मग मुलाला देवी आल्या. आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला, मूल वाचलं आणि नावात फ्रान्सिस आलं. देवीचे व्रण मात्र चेहऱ्यावर राहिले. पुढे आई मुंबईत कपडे शिवून घर चालवत होती. १९४५ मध्ये जे. जे. स्कूलने मुलाला काढून टाकलं, १९४७ मध्ये त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला आणि १९४९ मध्ये लंडन गाठलं.

तिथे त्याचा फोटो काढला इडा कारने. ही आर्मेनियन वंशाची बाई, जन्म रशियातल्या तांबोवचा. नवरा व्हिक्टर मस्ग्रेव्ह, १९५३ मध्ये ‘गॅलरी वन’ हे कलादालन काढणारा. त्याच गॅलरीत १९५५ मध्ये सोझाचं एकल प्रदर्शन झालं आणि लंडनने त्याची दखल घेतली. म्हणजे नवरा चित्रं विकतो आणि बायको चित्रकारांचे चेहरे टिपते, असं ते घर. यात धंदा होता, हे लपवण्याचं कारण नाही. प्रदर्शनाला फोटो लागतोच. पण गिऱ्हाईक आणि फोटोग्राफर यांच्यात असतं ते अंतर इथे नव्हतं. मस्ग्रेव्ह पुढे संग्राहक म्हणून ओळखला गेला, तोही कलाशाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांच्या चित्रांचा. सोझा त्यात बसला नसता. त्याने तोंड पाहिलं होतं, शाळेनेच त्याला बाहेर काढलं होतं!

इडाचा आवडता कॅमेरा रोलीफ्लेक्स. १२० चा रोल, सहा सेंटिमीटरची चौकोनी चौकट, एका रोलमध्ये बारा फोटो. तो पोटाशी धरतात आणि वरून काचेत डोकावतात. काचेत डावं उजवीकडे दिसतं. नजर खाली असल्यामुळे समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाही. फोटोग्राफर मान खाली घालून उभा आणि समोरचा हळूहळू सैलावतो. शिवाय इडा शक्यतो खिडकीतून येणाऱ्या उजेडावरच काम भागवायची. तिरका उजेड व्रण झाकत नाही. सोझाने रंगवलेल्या चेहऱ्यांवर रेघा, टोचे, कपाळावर चढलेले डोळे असतात. त्यात लोक फक्त राग बघतात. त्याचा फोटो शेजारी ठेवून पाहा, त्यातल्या काही खुणा आरशातून आल्या असाव्यात असं वाटायला लागतं.

इकडे गोव्यात, आमच्या सुर्ल्यात किंवा डिचोलीच्या कुठल्याही जुन्या घरात अशी चांदीच्या क्षारांची प्रत टिकणं कठीण. चार महिने पाऊस, भिंतीला ओल. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो. फ्रेमच्या मागे पुठ्ठा, त्यामागे खिळा, तिथेच बुरशी. आजोबांचा फोटो खराब झाला की आपण शहरात जाऊन ‘नवा’ करून आणतो, गाल गुळगुळीत करून. देवीचे व्रण त्यात पहिले जातात.

इडाने १९६० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत चित्रकारांच्या कॅनव्हाससारखे फोटो मोठे करून लावले. फोटो ही कला आहे का, यावर तिथल्या वर्तमानपत्रांत वाद झाला. १९७४ मध्ये ती गेली. तिचा संग्रह १९९९ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने विकत घेतला: सुमारे आठशे प्रती आणि दहा हजार निगेटिव्ह. सोझा त्यात आहे, ब्रिटिश चित्रकार-शिल्पकारांच्या रांगेत.