शाहपुरात भूखंड घेण्यापूर्वी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपुरास, केळीच्या बागांलगत, जो कोणी घर बांधण्याच्या हेतूने भूखंड घेऊ इच्छितो, त्याचे सीमेपलीकडील आप्तांच्या सवयीने सातबारा मागून भागत नाही. मध्य प्रदेशात महसुली दप्तराचा आधार खसरा व बी-१ हा असून, त्यावरील भूमिस्वामीचे नाव, सर्व्हे क्रमांक व क्षेत्र विक्रेत्याच्या दस्तऐवजाशी तंतोतंत जुळले पाहिजे. खसऱ्यात पीक म्हणून केळी लिहिलेली असेल आणि विक्रेता मात्र रस्ते आखलेला नकाशा पुढे करीत असेल, तर १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे त्या जमिनीचे निवासी उपयोगाकरिता डायव्हर्शन झाले आहे काय, हे आधी विचारावे. नकाशास नगर तथा ग्राम निवेश विभागाची मंजुरीही हवी.

बयाणा म्हणून आयुष्यभराची शिल्लक साध्या कागदावर देऊन टाकणारी कुटुंबे पाहिली म्हणजे जीव तुटतो. कारण २०१६ च्या रेरा कायद्याने, ५०० चौरस मीटरांहून अधिक क्षेत्राची भूखंड-योजना नोंदविणे आवश्यक ठरवून, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास प्रवर्तकास स्पष्ट मनाई केली आहे, आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याचे बंधनही घातले आहे.

रजिस्ट्रीवर थांबू नये. तहसिलीत नामांतरण होऊन नव्या खसऱ्यावर आपले नाव चढल्याचे स्वतः वाचून पाहावे.