टेनिसचा चेंडू घरात, टेनिस मात्र दूर

वारूळवाडीत किंवा शेजारच्या नारायणगावात टेनिसचा चेंडू नाही असं मुलांचं घर विरळाच. माळ्यावर, पलंगाखाली, नाहीतर पत्र्यावर अडकलेला का होईना, तो सापडतोच. पण तो असतो क्रिकेटसाठी. टेनिस खेळायचं म्हटलं, त्यातही मुलीनं, की पालकांची ठरलेली उत्तरं आम्हा शिक्षकांच्या कानी येतात. त्यांतल्या काही अडचणी खऱ्या आहेत, बऱ्याच नुसत्या ऐकीव आहेत. त्या एकेक करून पाहू या.

‘हा श्रीमंतांचा खेळ आहे’

व्यावसायिक टेनिस महाग आहे, हे खरंच. प्रशिक्षक, प्रवास, परगावच्या स्पर्धा यांचा खर्च मोठा असतो. पण खेळ शिकणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक मुलाकडून आपण कुठं भारतीय संघाची अपेक्षा धरतो?

पूर्ण मैदान 23.77 मीटर लांब असतं, पण लहान मुलांना त्याची गरज नसते. त्यांच्यासाठी 19 ते 25 इंचांच्या छोट्या रॅकेट आणि कमी उसळणारे लाल, नारिंगी, हिरवे चेंडू मिळतात. जाळी मध्यभागी जेमतेम 91 सेंटिमीटर उंच असते, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपास. अंगणात दोरी बांधली तरी सुरुवात होते. जोडीदार नसेल तर भिंत आहेच. ती चेंडू परत पाठवायला कधी कंटाळत नाही.

सानिया मिर्झा सहाव्या वर्षी हैदराबादेत खेळू लागल्या. आपण शेणाने सारवलेल्या मैदानांवर खेळून मोठ्या झालो, असं त्या सांगतात. आपल्याकडच्या अंगणाला हे परकं वाटू नये.

‘टेनिसनं हात जातो’

‘टेनिस एल्बो’ या नावानं हा समज पसरला. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला जोडलेले असतात. पकडणं, पिळणं, फिरवणं पुन्हा पुन्हा झालं की तिथं ताण येऊन दुखू लागतं. हे दुखणं होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेलीही नसते. सचिन तेंडुलकर यांना 2004 मध्ये ते झालं, तेही क्रिकेट खेळताना.

आपल्या भागात टोमॅटोची तोडणी, क्रेट उचलणं, गाईची धार काढणं, ओले कपडे पिळणं ही कामं रोजचीच. कोपर दुखत असेल तर घरातल्या बाईनंही ते अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावं. मुलांच्या बाबतीत रॅकेट हाताला बेताची असावी आणि एकदम तासन्‌तास खेळू नये, एवढं सांभाळावं.

‘कपड्यांमुळे आपल्या मुलींना जमणार नाही’

खेळाचे नियम गुण, मैदान, चेंडू आणि रॅकेट यांविषयी आहेत. पोशाख स्पर्धा भरवणारे ठरवतात. महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांतही 2019 पासून स्कर्टशिवाय लेगिंग घालून खेळण्याची स्पष्ट मुभा आहे. अंगणात किंवा शाळेत सलवार-कमीज आणि बूट घालून, ओढणी नीट बांधून खेळायला कुणाची हरकत? स्पर्धेत उतरायचं असेल तर तिथला नियम आधी विचारून घ्यावा.

‘लग्न झालं की संपलं’

सानिया यांना 2018 मध्ये मुलगा झाला. जानेवारी 2020 मध्ये परतताच त्यांनी होबार्टची दुहेरी स्पर्धा जिंकली. ट्युनिशियाच्या ओन्स जाबेर लग्नानंतर 2022 आणि 2023 अशी दोन वर्षं विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोचल्या. रोहन बोपण्णा 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकले, तेव्हा त्यांचं वय 43 होतं. त्याआधीच्या वर्षी आशियाई स्पर्धेत त्यांच्या जोडीनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणाऱ्या ऋतुजा भोसले जन्मानं श्रीरामपूरच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या.

मग खरी अडचण कोणती?

चांगलं मैदान आणि शिकवणारा माणूस जवळ नसणं, ही खरी अडचण. बालेवाडीचं क्रीडासंकुल इथून रोज गाठण्यासारखं नाही. पण शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत लॉन टेनिस आहे. चार पालकांनी मिळून शाळेकडे मागणी केली, तर दोन-तीन रॅकेट आणि एक जाळी ही काही अवघड गोष्ट नाही.

त्याहून मोठी अडचण घरातली आहे. सातवी-आठवीपर्यंत धावणारी मुलगी त्यानंतर मैदानावर दिसेनाशी होते. भाऊ मात्र असरनंतर चेंडू घेऊन बाहेर पडतो. खेळ सुटला की दमसास जातो, मोकळेपणा जातो आणि हरल्यावर पुन्हा उभं राहण्याची सवयही जाते. पुढं संसारात, नोकरीत तिला याच गोष्टी लागणार असतात.

म्हणून पालकांना आमचं एवढंच सांगणं आहे. असर ते मगरिबमधला अर्धा तास बेटीलाही द्या. शक्य असेल तर अम्मी-अब्बांपैकी एकानं दोरीच्या पलीकडे उभं राहावं. ती सानिया होईल का, हे विचारू नका. ती खेळते आहे, एवढं पुरे आहे.