विश्लेषण : देवळाबाहेरचा ‘तो’ दगड नेमकी कुणाची आठवण? वीरगळ कसा वाचायचा?

भोसरीत एमआयडीसीच्या गजबजाटापासून थोडे आत, जुन्या गावठाणाकडे वळले की कोरीव दगड दिसतात. कुणी त्यांना देव समजून शेंदूर लावते, कुणी त्यांना टेकून दुचाकी उभी करते. प्रत्यक्षात हे वीरगळ, म्हणजे गावाने गमावलेल्या माणसांची स्मारके आहेत.

वीरगळ म्हणजे काय?

लढताना मरण आलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेली शिळा म्हणजे वीरगळ. ‘कल’ म्हणजे कन्नडमध्ये दगड. ‘वीरकल’वरून हा शब्द आला. महाराष्ट्रातील बरेच वीरगळ शिलाहार-यादव काळातील आहेत. हा मान फक्त राजे-सरदारांना मिळत नसे. गावची गुरे वाचवताना मारला गेलेला साधा माणूसही त्याचा मानकरी होता.

तो वाचायचा कसा?

खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर असतो. तिथे गाई कोरलेल्या असतील, तर तो गोधन राखताना गेला. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना दिसतात. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. काटकोनात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला, तर ती सतीशिळा. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे.

घरातली आठवण कुठे?

देवघरातल्या टाकांत. चांदीच्या किंवा अन्य धातूच्या छोट्या पत्र्यावर ठोकून उठवलेली ही प्रतिमा. खंडोबा, भवानीसोबत अनेक घरांत पूर्वजांचा, ‘वीरा’चाही टाक असतो. नाशिकमध्ये धुळवडीला हे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेले जातात. दगड गावातच राहतो. टाक मात्र गाव सोडून चाकणला खोली घेणाऱ्याच्या पिशवीतही मावतो.

धोका कशाचा?

चिंचवडच्या चापेकर बंधूंना १८९८-९९ मध्ये फाशी झाली. एकाच घरातले तीन भाऊ गेले. त्यांची नावे पुस्तकांत आहेत, चौकाला आहेत, शिल्पही आहे. बहुतेक वीरगळांवर मात्र नावच नाही. त्या माणसाबद्दल जे काही उरले आहे, ते त्या दोन-तीन चौकटींत. ऑइलपेंट किंवा शेंदराच्या थरांखाली कोरीव काम बुजले, रस्त्याच्या कामात दगड भरावात गेला, की तो माणूस दुसऱ्यांदा जातो. या वेळी कायमचा.

तुम्ही काय करू शकता?

* वीरगळावर रंग, तेल, शेंदूर लावू नका. घासून किंवा ॲसिडने साफ करू नका.
* जागेवरून हलवू नका. तो कुठे उभा आहे, हीसुद्धा माहितीच असते.
* मोबाइलवर समोरून आणि बाजूने फोटो काढा, लोकेशनची नोंद ठेवा.
* खोदकामात असा दगड निघाला, तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेला आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.

किमान १०० वर्षे जुने शिल्प १९७२च्या कायद्यानुसार ‘पुरावशेष’ ठरते. पण बहुतेक वीरगळांजवळ ना फलक, ना पहारेकरी. गावातल्या जुन्या जाणत्यांना एकदा विचारून पाहा, ‘हा दगड कुणाचा?’ काही ठिकाणी उत्तर अजून मिळू शकते.